परसबागेसाठी कृषी कार्यालयात जाताना हातात काय असावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उत्तर गोव्यात घरामागं पाचेकशे चौरस मीटर जागा, सहा माड, वीसेक पोफळी आणि मधल्या मोकळ्या तुकड्यात वांगी-मिरची. वांगी सलग दोन वर्षं फुलोऱ्यात आली की एकाएकी मान टाकतात आणि मरतात. माडांच्या नव्या झावळ्या कात्रीनं कापल्यासारख्या दिसतात. कृषी कार्यालयात गेलात तर एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा मागितला. तो अजून आजोबांच्या नावावर, खाली भावकीची नऊ नावं. तेव्हा घरच्या बागेला या खात्याचा काही उपयोग आहे का, की सरळ खताच्या दुकानदारालाच विचारावं?

यात दोन गोष्टींची गल्लत झाली आहे. उतारा लागतो तो अनुदानाला. सल्ला, रोगाची तपासणी, प्रशिक्षण यांना जमिनीचा कागद लागत नाही. पण कार्यालयात येणारे बहुतेक लोक योजनेसाठीच येतात, त्यामुळे टेबलापलीकडच्या माणसाचा हातही सवयीनं अर्जाकडेच जातो. ‘काही स्कीम आहे का?’ असं विचारलंत तर उत्तर उताऱ्यापासून सुरू होणार. ‘वांगी मरतायत, झाड मुळासकट आणलंय, जरा बघता का?’ असं म्हणालात तर बोलणं झाडापासून सुरू होतं. बागाईतदाराला खात्याकडून काय मिळतं हे निम्मंअधिक तो काय घेऊन गेला यावर ठरतं.

कुणाकडे कशासाठी जायचं ते आधी सांगतो. तालुक्याचं विभागीय कृषी कार्यालय हे योजना, कृषी कार्ड (शेतकऱ्याचं खात्यातलं नोंदणीपत्र), बियाणं, कलमं-रोपांची नोंदणी आणि जागेवर येऊन पाहणी यासाठी. कृषी विज्ञान केंद्र हे तांत्रिक प्रश्नांसाठी. तिथं विषयवार तज्ज्ञ असतात, प्रात्यक्षिकं आणि प्रशिक्षणं तिथंच होतात. उत्तर गोव्याचं केंद्र जुने गोव्यात एला इथं केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेच्या आवारात आहे, दक्षिण गोव्याचं मडगावला. संशोधन संस्था दारातच असल्यामुळे नव्या जातींची आणि रोपांची चौकशी त्याच फेरीत होऊन जाते. ‘आत्मा’ (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) ही गटांसाठी आहे. वाड्यावरचे, म्हणजे आपल्या वस्तीतले, आठ-दहा जण एकत्र आले तर तिचा उपयोग, एकट्याला फारसा नाही. आणि नुसती माहिती हवी असेल तर किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा फुकटचा नंबर सकाळी सहा ते रात्री दहा चालू असतो. मात्र फोनवर रोग ओळखता येत नाही. तिथं मात्रा, जाती, लागवडीचे दिवस असे प्रश्न विचारावेत.

आता तुमची वांगी. पानं हिरवीगार असताना दोन-तीन दिवसांत झाड मान टाकतं हे तुमचं वर्णन जिवाणूजन्य मर रोगाशी जुळतं. गोव्याच्या उष्ण, दमट हवेत आणि आंबट मातीत वांगी, मिरची, टोमॅटो यांचा हा नेहमीचा शत्रू. पण वर्णनावरून मी निकाल देणार नाही, कारण मर तीन-चार कारणांनी येते आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. कुणी रोप आणलं की मी पानं शेवटी बघतो, आधी मुळं. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी. खोडाची साल पोखरून आत माती भरलेली असेल तर वाळवी. खालची पानं पिवळी पडत पडत, आठवड्या-दोन आठवड्यांत झाड वाळलं असेल तर बुरशीची मर. मुळं धड, पानं हिरवी आणि झाड मात्र कोसळलेलं, असं असेल तर पाण्याची चाचणी घ्यायची. ती घरीही होते.

काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घ्या आणि हलू न देता ठेवा. नुकत्याच मलूल झालेल्या झाडाच्या खोडाचा जमिनीलगतचा दोन-तीन इंचांचा तुकडा धारदार सुरीनं सरळ कापा. वरचं टोक दोऱ्यानं किंवा कपडे वाळत घालायच्या चिमट्यानं धरून खालचं टोक पाण्यात जेमतेम बुडेल असा तो टांगा. ग्लासामागं काळा कागद धरा. जिवाणूची मर असेल तर काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखे पांढरे धागे सरळ खाली उतरताना दिसतात आणि थोड्या वेळानं पाणी गढूळ होतं. तुकडा पूर्ण वाळलेल्या झाडाचा असेल तर काही दिसत नाही आणि लोक म्हणतात, रोग नाही. म्हणून झाड अर्धमेलं असतानाच घ्यायचं.

कार्यालयात किंवा केंद्रात नमुना नेतानाही तोच नियम. मेलेलं झाड नेऊन उपयोग नाही, त्यावर नंतर चढलेली बुरशीच दिसते. अर्धवट मलूल झालेलं एक आणि शेजारचं निरोगी एक, अशी दोन झाडं खुरप्यानं मातीच्या ढेपेसकट काढा. उपटू नका, बारीक मुळं तुटून जमिनीतच राहतात. ओल्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, दुपारपर्यंत उकडून कुजतात. वर्तमानपत्रात गुंडाळून सकाळीच न्या, आणि शुक्रवारी संध्याकाळी तर नेऊच नका. सोबत चिठ्ठीवर चार गोष्टी लिहा: लागवड कधी केली, बी-रोप कुठून आणलं, त्या जागेत गेली दोन-तीन वर्षं काय होतं, आजवर काय काय फवारलं किंवा ओतलं. शेवटची गोष्ट लोक लपवतात. लपवू नका, ती नसली की तज्ज्ञ अंधारात चाचपडतो. मोबाइलवर पाठवायचे फोटो तीन असावेत: सगळा वाफा, एक पूर्ण झाड आणि बिघडलेला भाग जवळून. नुसत्या एका पानाच्या फोटोवर येणारं उत्तर बहुधा अंदाज असतो.

चाचणीत धागे दिसले तर दुकानातली कुठलीही बुरशीनाशकाची पुडी या रोगावर चालत नाही, एवढं पक्कं धरा. दुकानदार वाईट असतो असं नाही, पण काउंटरवर ‘वांगी मरतात’ एवढंच ऐकू आलं तर तो हाताशी असलेलं देतो. जिवाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतो आणि मुळांच्या जखमांतून आत शिरतो. त्यामुळे उपाय जागेचे आणि जातीचे. मेलेली झाडं मुळासकट काढून जाळा, खताच्या खड्ड्यात टाकू नका. त्या तुकड्यात निदान दोन-तीन वर्षं वांगी, मिरची, टोमॅटो यांपैकी काहीच नको. अळसांदे (चवळी), मका, तांबडी भाजी, भेंडी लावा. रोगट तुकड्यातलं पाणी उतारावरच्या दुसऱ्या वाफ्यात जाऊ देऊ नका, खुरपंही तिथलं तिथंच धुवा. फुलोऱ्याच्या वेळी झाडाच्या बुडाशी खोल खुरपणी टाळा. फुलोऱ्यातच मर दिसण्यामागं अनेकदा नेमक्या त्याच सुमारास घातलेली मातीची भर असते, तिच्यानं मुळं तुटतात.

जातींसाठी केंद्रात मुद्दाम विचारा. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या अर्का निधी, अर्का केशव, अर्का नीलकंठ या वांग्याच्या जाती या मर रोगाला दाद देत नाहीत. टोमॅटोत अर्का रक्षक आणि अर्का सम्राट आहेत. अडचण एकच. ही वांगी सडपातळ, आणि आपल्याला हवी असतात कापं करायला आगशी-ताळगावची. त्याला रस्ता कलमाचा: रानवांग्याच्या मुळावर गावठी वांग्याचा शेंडा. मूळ रोगाला पुरून उरतं, फळ मात्र आपल्या चवीचं येतं. घरच्या वीस-पंचवीस झाडांना हा खर्च परवडतो. अशी कलमं तयार मिळतील का, की बांधायला शिकवतील, हे प्रशिक्षणांच्या यादीत बघा. कलमाचा जोड मातीत गाडला गेला तर वरच्या शेंड्याला स्वतःची मुळं फुटतात आणि सगळा खटाटोप फुकट जातो. तेव्हा जोड जमिनीपासून चार बोटं तरी वर राहिला पाहिजे.

माती तपासून घ्या, आणि पाऊस सुरू होण्याआधी घ्या. ओली माती वाळवता वाळवता जून-जुलै निघून जातो. वाफ्यातून आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करून 15 ते 20 सेंटीमीटरपर्यंतच्या भिंतीची पातळ खाप काढायची. बांध, खताचा ढीग, झाडाचं बूड आणि पाण्याचा पाट सोडून. सगळी माती कागदावर मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, उरलेली पुन्हा मिसळा. अर्धा किलो उरेपर्यंत असंच. सावलीत वाळवा, चुलीजवळ किंवा उन्हात नको. गंजकं खुरपं वापरलंत तर लोहाचा आकडा खोटा येतो. माडासाठी नमुना वेगळा, आळ्यातून, बुंध्यापासून मीटरभर अंतरावरचा आणि जास्त खोलीचा. वाफा आणि आळं यांची माती एकत्र करून सरासरीचा एक नमुना देऊ नका, त्यावरून आलेली शिफारस दोघांच्याही कामाची नसते.

माती तपासली की मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी असतात आणि शिफारस हेक्टरी किलोत असते. इथं परसबागवाला हात टेकतो. पण हिशेब सोपा आहे. हेक्टर म्हणजे 10,000 चौरस मीटर, म्हणून हेक्टरी जितके किलो तितकेच ग्रॅम 10 चौरस मीटरला. हेक्टरी दोन टन चुना सांगितला असेल तर तुमच्या 10 चौरस मीटरच्या वाफ्याला दोन किलो. वांग्याला हेक्टरी 100 किलो नत्र, 50 स्फुरद, 50 पालाश अशी शिफारस असेल तर त्याच वाफ्याला साधारण 217 ग्रॅम युरिया, 312 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि 83 ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश. कारण युरियात नत्र 46 टक्के, सुपरमध्ये स्फुरद 16 आणि म्युरेटमध्ये पालाश 60 टक्के. हा वाफा म्हणजे 75 बाय 60 सेंटीमीटरवर जेमतेम 22 झाडं. मुठीनं टाकणारा माणूस याच्या तिप्पट-चौपट सहज टाकतो.

आपल्या जांभ्या मातीत सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा) बहुधा सहाच्या खाली असतो. अशा मातीत लोह आणि अॅल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात, म्हणून सुपर फॉस्फेट पसरून न टाकता शेणखतात कालवून रोपाच्या मुळाजवळ द्यावं. आणि वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो तिथं युरिया-पोटॅश एकदम दिलं तर ते तुमच्या झाडाऐवजी ओहोळाला मिळतं, म्हणून हप्ते पाडायचे. चुना लागवडीआधी दोन-तीन आठवडे मातीत मिसळा आणि ओल द्या. चुना आणि युरिया कधीही एकत्र नको, नत्र वायू होऊन उडून जातं.

माडाची कापलेली झावळ म्हणजे गेंडा भुंगा. तो कोवळ्या, अजून न उलगडलेल्या सुईतून आरपार पोखरत जातो. पुढं ती झावळ उघडली की कात्रीनं कापल्यासारख्या त्रिकोणी खाचा दिसतात. म्हणजे आज दिसतंय ते नुकसान मागचं आहे, आणि दिसणाऱ्या झावळीवर फवारून काहीही होत नाही. औषध शेंड्यात जायला हवं. 250 ग्रॅम निंबोळी पेंड तितक्याच वाळूत मिसळून सर्वांत आतल्या तीन झावळ्यांच्या बेचक्यांत भरायची, मे, सप्टेंबर आणि डिसेंबर अशी वर्षातून तीनदा. लहान माडांना तीन-चार डांबरगोळ्या बेचक्यात ठेवून वर वाळू घालतात, दर 45 दिवसांनी. नारळ पाडायला पाडेली चढतो त्याच दिवशी हे काम करून घ्या, एरवी त्याला दुसऱ्यांदा बोलावणं किती अवघड आहे ते तुम्हाला सांगायला नको.

आणि खताचा खड्डा उकरून बघा. इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, बोटाएवढ्या जाड पांढऱ्या अळ्या सापडल्या तर तुमचा भुंगा तुमच्याच शेणखतात वाढतोय. खड्डा दोन-तीन महिन्यांनी उलथा, अळ्या वेचून मारा, आणि मेटारायझियम ही मित्रबुरशी मिळते का ते केंद्रात विचारा. वाड्यावरच्या एकट्यानंच खड्डा साफ ठेवून मात्र भागत नाही, शेजारच्या कुजलेल्या माडाच्या ओंडक्यातून भुंगे येतच राहतात. गटानं बोलावलेल्या प्रात्यक्षिकाचा उपयोग होतो तो इथं.

बुंध्यावर भोकं, त्यातून तपकिरी चिकट द्रव आणि चावलेला भुसा दिसला तर तो गेंडा नव्हे, लाल सोंड भुंगा. तो माड मारतो. त्या दिवशीच कार्यालयाला किंवा केंद्राला फोन करा, आठवडाभर थांबू नका. याउलट झावळ्यांच्या खालच्या बाजूला पांढऱ्या गोल गोल रेघा आणि खालच्या पानांवर काळी काजळी असेल तर ती पांढरी माशी. तिच्यावर जहाल औषध मारू नका. तिला खाऊन संपवणारे परजीवी कीटक आधी मरतात आणि माशी दुप्पट होते. पाण्याचा जोराचा फवारा बरा.

मोठ्या माडाची वर्षाची नेहमीची मात्रा साधारण 1.1 किलो युरिया, दोन किलो सुपर आणि दोन किलो म्युरेट. एक तृतीयांश पावसाच्या सुरुवातीला, बाकी सप्टेंबर-ऑक्टोबरात, बुंध्यापासून सहा फुटांच्या आळ्यात. माडाला मीठ घालायची आपली जुनी रीत अगदीच वेडेपणाची नाही, माडाला क्लोराइड लागतं. पण म्युरेट देत असाल तर ते त्यातून मिळतंच.

पोफळींबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण जून जवळ आला आहे. कोळेरोगासाठी, म्हणजे पावसात सुपारी सडवणाऱ्या रोगासाठी, एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना यांचं पाणी) पाऊस सुरू व्हायच्या आधी आणि पुन्हा 40-45 दिवसांनी उघडीप बघून फवारतात. दहा लिटरला 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम चांगला कळीचा चुना. प्लास्टिकच्या दोन बादल्यांत पाच-पाच लिटर पाण्यात वेगवेगळे विरघळवून मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ढवळत ओतायचं, उलट नाही. त्यात कोयत्याचं घासलेलं पातं मिनिटभर बुडवा. तांबूस थर चढला तर मोरचूद जास्त आहे, पान करपेल, आणखी चुन्याचं पाणी घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवा. हे वाचून समजतं, पण बरोबर रंगाचं मिश्रण एकदा डोळ्यांनी बघितलं की चूक होत नाही. फवारणी घोसावर नीट बसली पाहिजे, पोफळीच्या नुसत्या शेंड्यावर नव्हे. मेअखेरच्या प्रात्यक्षिकाची चौकशी आताच करा.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत. तालुक्याला माणसं मोजकी, त्यात भातबियाण्याचे दिवस, बैठका, निवडणुकीची कामं. पाचशे चौरस मीटरच्या बागेसाठी अधिकारी लगेच जागेवर येईलच असं नाही. वाड्यावरचे चार जण मिळून एकच दिवस मागितलात तर येण्याची शक्यता बरीच वाढते. रानडुक्कर आणि माकडांच्या उपद्रवावर तर सल्ला देऊन फारसं काही साधत नाही, तिथं कुंपणाचीच योजना पाहावी लागते.

आणि योजना म्हटली की कागद आलेच. उतारा आजोबांच्या नावावर असेल तर वारस आणि सहहिस्सेदारांची लेखी संमती चालेल का, कुठल्या नमुन्यात हवी आणि कृषी कार्डासाठी आणखी काय लागेल, हे कार्यालयात लिहून मागा. योजनेप्रमाणे उत्तर बदलतं. नऊ जणांपैकी दोघं परदेशात असतील तर सह्या गणपतीत किंवा नाताळला सगळे घरी येतात तेव्हाच होतात, म्हणून नमुना आधी हातात असू द्या. बहुतेक अनुदानं आधी मंजुरी, मग काम, मग बिलं या क्रमानं जातात. मंजुरीच्या आधी पंप बसवून बिल घेऊन गेलात तर ते बिल तुमच्याच खिशातलं. बिल पक्कं आणि अर्जदाराच्याच नावाचं हवं, काकांच्या नावाचं नको. वादळ-पुरानं बागेचं नुकसान झालं तर शेतकरी आधार निधी आहे, पण आधी फोटो काढा, त्याच दिवशी कार्यालयाला कळवा, आणि पाहणी होईपर्यंत पडलेला माड हलवू नका.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा: या आठवड्यात वाफा आणि आळं यांचे मातीचे दोन नमुने, पाडेली आला की निंबोळी पेंड, आणि पावसाआधी रोपांची नोंदणी. वांग्याची एखादी काडी अजून उभी असेल तर ग्लासाची चाचणी आजच घ्या आणि काय दिसलं ते फोटोसकट इथं कळवा. धागे दिसले नाहीत तर मुळांचाही एक फोटो टाका, मग पुढचं बघू.